जरा इकडे तोंड करून बोला

३ डिसेंबर २०१५ ला सुगम्य भारत अभियान सुरू झालं, त्याला दहा वर्षं होऊन गेली. रॅम्प झाले, कठडे झाले, कुठे कुठे ब्रेलच्या पाट्याही लागल्या. झालं ते चांगलंच. पण बहिऱ्या पर्यटकासाठी काय केलंत असं विचारलं, की समोरचा माणूस हौसेने रॅम्पच दाखवतो. परवा एका संग्रहालयात तिकीट काढताना कानामागचं यंत्र दाखवून मी सवलत मागितली. खिडकीतल्या बाई मनाने चांगल्या. सवलत देणं त्यांच्या हातात नव्हतं, म्हणून त्यांनी मला ऑडिओ गाइड फुकट दिला!

सत्तर-ऐंशीच्या दशकांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. आमच्यासारख्याने सहलीला जायचं, डबा खायचा, सगळे हसले की हसायचं. विजापूरला गोल घुमटाच्या सज्जात लोक भिंतीला कान लावून कुजबुज ऐकत आणि आम्ही त्यांचे चकित चेहरे बघत असू. दौलताबादच्या किल्ल्यातल्या अंधारीत, त्या काळोख्या वाटेत तर एका गाइडने गोष्ट रंगावी म्हणून मशालच विझवली. रंगली असेल.

माझं दशक म्हणजे साधारण १९९५ ते २००५. अपंग व्यक्तींचा कायदा १९९५ सालचाच, पण अजिंठ्याच्या डोंगरात तो काही पोचला नव्हता. तिथे होते ते चाचा. औरंगाबादचे गाइड, सगळे त्यांना चाचाच म्हणत. आम्ही कर्णबधिर मित्रमंडळी हिवाळ्यात जायचो. पहिल्याच खेपेला आमच्यातली एक जण त्यांना म्हणाली, "चाचा, जरा इकडे तोंड करून बोला." तेवढ्यावरून त्यांनी सगळी पद्धत बसवली.

पहिल्या लेण्यात शिरण्याआधी ओसरीत, उजेडात, ते सगळं सांगून टाकत: पद्मपाणी कुठे, वज्रपाणी कुठे, महाजनकाने राज्य का सोडलं. मग आत गप्प. कारण आमचे डोळे एकाच वेळी ओठांवर आणि भिंतीवर राहू शकत नाहीत. आत काही सांगायचं राहिलंच, तर बॅटरीचा झोत आधी स्वतःच्या तोंडावर धरून बोलत आणि मग भिंतीवर नेत. प, ब, म ओठांवर एकसारखे दिसतात, म्हणून नावं वहीत लिहून दाखवत. दुसऱ्या वर्षी आले ते मिशी कातरून. गाभाऱ्यातल्या बुद्धमूर्तीवर डावीकडून, उजवीकडून, समोरून झोत टाकला की चेहऱ्यावरचा भाव पालटतो, हा तिथल्या गाइडांचा जुना खेळ. चाचा तो सावकाश करत; आम्ही मान डोलावेपर्यंत झोत हलायचा नाही. शेजारच्या गटातले चांगले ऐकू येणारे लोकही स्वतःचा गाइड सोडून आमच्यात घुसत.

त्याच काळात एका सहल कंपनीच्या मॅनेजरने मला समजावलं होतं, तुमच्या गटाला गाइड नकोच, पैसे वाचतील. ऐकू येत नाही त्याला ऐकवायचं कशाला, हा त्याचा हिशेब. पुढे तोच हिशेब यंत्रांनी चालवला. गाइडच्या गळ्यात माइक आला, पर्यटकांच्या कानात हेडसेट आले, आणि गाइड पाठ फिरवून पुढे चालू लागला. ओठ दिसेनात. खरं तर माझ्या यंत्रात टेलिकॉइल आहे. हेडसेटऐवजी गळ्यात घालायचा लूप दिला, तर आजूबाजूचा गोंगाट वगळून गाइडचा आवाज थेट यंत्रात उतरतो. ही काही नवी विद्या नव्हे. पण लूप मागितला की लोक हत्ती मागितल्यासारखे बघतात. आता क्यूआर कोड आले. स्कॅन केला की फोन बोलू लागतो. अरे, जे बोलतोय ते कुणीतरी आधी लिहिलेलंच असेल ना? तेच खाली टाका की!

अपंग व्यक्तींच्या २०१६ च्या नव्या कायद्याने आमचे दोन गट केले. दोन्ही कानांत ७० डेसिबलचा ऱ्हास म्हणजे बहिरा, ६० ते ७० म्हणजे कमी ऐकू येणारा. पहिल्यांतल्या कित्येकांना खुणांच्या भाषेत बोलणारा गाइड हवा. माझ्यासारख्याला अक्षरं आणि उजेड पुरे. दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र २०१५ पासून आहे, त्यांच्या शब्दकोशात १०,००० शब्द झाले. लेण्याच्या दारात त्या भाषेत नमस्कार करणारा मला अजून भेटायचाय. नोव्हेंबर २०२४ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला बजावलं की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी म्हणून चालणार नाहीत, बंधनकारक करा. मुदत तीन महिन्यांची दिली होती.

चाचा २०२० नंतर लेण्यांवर आले नाहीत. टाळेबंदीत काम बुडालं, लेणी उघडली तेव्हा तोंडावर मास्क. नव्या पोरांना सनावळ्या तोंडपाठ असतात. तोंड कुठे करायचं ते कोण शिकवणार? गेल्या हिवाळ्यात असाच एक तरुण गाइड मिळाला. पोरगा हुशार, आर्जवी. त्याला म्हटलं, दादा, जरा इकडे तोंड करून बोला. तो लगबगीने जवळ आला आणि माझ्या कानात ओरडला. शेवटी समोरचा पद्मपाणी की वज्रपाणी, ते त्याच्याकडून मोबाइलवर टाइप करून घेतलं.