होम्स परगण्यात ‘इंग्रजां’चा मुक्काम

ज्याचे वडील १९४२ च्या चळवळीत तुरुंगवास भोगून आले, त्या माझ्यासारख्या माणसाला वयाच्या बहात्तराव्या वर्षी कोणी ‘इंग्रज’ म्हणेल, आणि तेही कुचेष्टेने नव्हे तर केवळ वस्तुस्थितीची नोंद म्हणून म्हणेल, असे भाकीत एखाद्या ज्योतिषाने वर्तविले असते, तर मी त्याला दक्षिणा न देताच वाटेला लावले असते. परंतु गेल्या ऑक्टोबरात, अमेरिकेतील ओहायो राज्याच्या होम्स परगण्यात, रस्त्याकडेला भोपळे मांडून बसलेल्या एका वृद्ध अमिशपंथीय शेतकऱ्याने माझ्या सुनेला मोठ्या आदराने विचारले की, तुम्ही इंग्रज मंडळी याचे काय करता? सूनबाईंनी ‘घारगे’ असे उत्तर दिले आणि ते त्याला पटवून देण्यात पाव तास गेला. अमिशांच्या परिभाषेत जो अमिश नाही तो इंग्रज. मग तो कॅन्ससचा असो की कोल्हापूरचा.

ही ‘इंग्रज’ मंडळी, म्हणजे नोकरीनिमित्त कोलंबस शहरात स्थायिक झालेला माझा मुलगा, सून, सहा वर्षांचा नातू, तीन वर्षांची नात आणि पुण्याहून सहा महिन्यांच्या मुदतीवर आलेले आम्ही उभयता, शुक्रवारी दुपारी घरून निघालो ते दोनेक तासांतच अशा मुलखात शिरलो, की जेथे सपाटी संपून टेकड्या सुरू होतात, मेपलची झाडे तांबूस-पिवळी होऊन उभी असतात, आणि कापलेल्या मक्याची ताटे आपल्याकडील कडब्याच्या सुडीसारखी शेतोशेत उभी रचलेली दिसतात. मिलर्सबर्ग हे या परगण्याचे मुख्य ठाणे. बर्लिन, वॉलनट क्रीक, चार्म, माउंट होप ही आसपासची गावे. परगण्याची जवळजवळ निम्मी वस्ती अमिश. आमचा मुक्काम एका उतारावरील लाकडी केबिनमध्ये होता: ओंडक्यांच्या भिंती, पुढे ओसरी, ओसरीवर झुलत्या खुर्च्या, आत मात्र शीतकपाट, विजेची शेगडी, नळाला गरम पाणी आणि मुलांसाठी दुमजली पलंग असा सगळा बंदोबस्त चोख. साधेपणा अनुभवायला आलेल्या माणसाची कोणतीही गैरसोय होऊ नये, याची एवढी दक्षता घेतलेली पाहून मला थोडे ओशाळल्यासारखे झाले.

दिवेलागणीला समोरच्या अमिश घराच्या एकाच खिडकीत मंद उजेड दिसू लागला, तेव्हा नातवाने ओसरीवरून विचारले, “आजोबा, त्यांची लाईट गेली आहे का?” पुण्यातल्या उन्हाळी मुक्कामात शिकलेले हे वाक्य त्याने इतक्या सहानुभूतीने उच्चारले, की त्याला उत्तर देताना मला सोळाव्या शतकापासून आरंभ करावा लागला.

१५२५ साली झुरिक येथे काही ख्रिस्ती मंडळींनी असे प्रतिपादन केले की, बाप्तिस्मा हा समजत्या वयात स्वेच्छेने घ्यावयाचा संस्कार असून तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडण्यास काही अर्थ नाही. या मताखातर त्यांतील अनेकांना बुडवून अथवा जाळून मारण्यात आले. पुढे १६९३ मध्ये याकोब आमान नावाच्या कडव्या धर्मोपदेशकाने, बहिष्कृताशी व्यवहार ठेवावा की न ठेवावा अशा वादांवरून वेगळी चूल मांडली; त्याचे अनुयायी ते अमिश. विल्यम पेनला १६८१ मध्ये राजाकडून सनदेने मिळालेल्या पेनसिल्व्हेनियात त्याने धर्माची मुभा ठेवली होती, म्हणून अठराव्या शतकात ते तिकडे आले आणि १८०९ च्या सुमारास होम्सच्या टेकड्यांत पोहोचले. आज अमेरिका खंडात त्यांची संख्या साडेतीन लाखांहून अधिक आहे आणि ती दर वीसएक वर्षांनी दुप्पट होते. ज्या युरोपातून ते आले तेथे मात्र त्यांचा अखेरचा संघ १९३७ साली दुसऱ्या पंथात विलीन झाला. हा सगळा इतिहास बर्लिन गावात हाइन्झ गाउगेल या चित्रकाराने १० फूट उंच आणि २६५ फूट लांब अशा वर्तुळाकार पटावर रंगविलेला आहे. त्यातील छळाची दृश्ये पाहता सहा वर्षांच्या मुलास बाहेरच ठेवणे बरे; आम्ही आळीपाळीने आत गेलो.

परंतु नातवाचा प्रश्न विजेचा होता. अमिशांना वीज वर्ज्य आहे, हा आपला समज अर्धाच खरा आहे. त्यांना वर्ज्य आहे ते जगाच्या तारेला स्वतःचे घर जोडून घेणे. ‘ऑर्डनुंग’ नावाची एक बहुतांशी अलिखित संहिता प्रत्येक संघात, म्हणजे पंचवीस ते चाळीस कुटुंबांच्या गावकीत, चालते आणि वर्षातून दोनदा, प्रभुभोजनाच्या संस्कारापूर्वी, तिच्याविषयी सर्वांची संमती घेतली जाते. त्यामुळे एका खोऱ्यात डिझेलच्या इंजिनाने हवा दाबून तिच्यावर सुतारकामाची यंत्रे चालवितात, तर शेजारच्या खोऱ्यात तेही चालत नाही. दूरध्वनी घरात नको, पण वाटेच्या टोकाशी खोपटात असला तर चालेल. मोटार मालकीची असू नये, पण भाड्याच्या मोटारीत बसण्यास हरकत नाही. हे ऐकून हसू येणे सोपे आहे. मलाही प्रथम आले. परंतु या यंत्राने आपल्या घराचे आणि शेजाऱ्याचे नाते सैल होईल काय, हा प्रश्न ते यंत्र उंबरठ्याच्या आत येण्यापूर्वी विचारण्याची पद्धत आपल्या घरी कधी होती, हे आठवू लागल्यावर ते हसू ओसरले. किड्रन गावात १९५५ पासून चाललेले लेहमन्स हे दुकान याच गिऱ्हाइकासाठी निघाले: कंदील, हाताने फिरवायची कपडे पिळण्याची यंत्रे, लोणी घुसळण्याची भांडी. आमच्या सौभाग्यवती तेथे दोन तास रमल्या आणि त्यांनी आपल्या आजोळची अर्धी अडगळ तेथे ओळखली.

मुलांचे काय झाले, हे वाचक विचारतील. पहिल्या दिवशी खोऱ्यात मोबाइलला धड संकेत मिळेना म्हणून मोठी रडारड झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी ओसरीखालच्या ओल्या मातीचा किल्ला करावयास घेतला. दिवाळी दहा दिवसांवर आली होती, आणि मावळे नसल्याने बलुताच्या टोप्यांचे सैन्य उभे राहिले. बलूत म्हणजे ओक. त्याच्या फळाला इतकी सुबक टोपी असते की मावळ्यांची उणीव भासली नाही. दुपारी चार्मजवळच्या चीजच्या कारखान्यात काचेआडून कढया पाहिल्या. ‘बेबी स्विस’ हा सौम्य प्रकार येथेच अल्फ्रेड गुगिसबर्ग या स्विस कारागिराने १९६० च्या दशकात काढला, आणि लहान मुलांना तो कसा रुचतो याचा पुरावा नातीने तत्काळ दिला. जुन्या लोहमार्गाच्या जागी केलेली एक लांब पायवाटही आहे, जिच्यावर मोटारींना मनाई आणि बग्ग्यांना वेगळी पट्टी आहे. ढकलगाडीतील मुलासाठी याहून सुखाची जागा मी अमेरिकेत पाहिली नाही. बग्गीचे घोडे बहुधा शर्यतीच्या मैदानावरून निवृत्त झालेले असतात, हे कळल्यापासून नातू प्रत्येक घोड्याला ‘रिटायर्ड आजोबा’ म्हणू लागला.

शाकाहाऱ्यांनी खानावळीत सावध राहावे. उकडून कुस्करलेल्या बटाट्यावर वाढलेले शेवयांसारखे नूडल कोंबडीच्या रश्शात शिजलेले असतात आणि पायच्या पारीत कित्येकदा डुकराची चरबी असते. विचारले तर मात्र स्वच्छ सांगतात.

भोपळ्यांच्या मांडवाशी त्या वृद्धाची दोन नातवंडे होती. ती आपसात जी जर्मन बोली बोलत होती, तीच तीनशे वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांनी ऱ्हाईनच्या काठावरून आणली. इंग्रजी त्यांना शाळेत गेल्यावरच शिकावी लागते. माझा नातू मराठी समजतो, उत्तर इंग्रजीत देतो. त्या क्षणी मला त्या शेतकऱ्याचा हेवा वाटला, हे कबूल केले पाहिजे. पण याच शाळा आठव्या इयत्तेला संपतात. पुढे मुलांना पाठविण्यास नकार दिल्याबद्दल विस्कॉन्सिनमधील तीन बापांना प्रत्येकी पाच डॉलर दंड झाला, तो दावा थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७२ साली निकाल बापांच्या बाजूने लागला. ज्या गावात १८४८ साली मुलींची शाळा काढणाऱ्यांनी शेणमातीचा मारा सोसला, त्या गावचा मी. चौदाव्या वर्षी पोरीच्या हातून पुस्तक काढून घेणाऱ्या रिवाजाला निव्वळ भाषेच्या लोभाने मी सलाम करू शकत नाही. ती मुलगी भोपळ्यांचा हिशेब मात्र माझ्यापेक्षा जलद करीत होती.

जाणाऱ्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. माणसांच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखू नये. मूर्ती करू नये या धर्माज्ञेमुळे त्यांना ते रुचत नाही, त्यांच्या कापडी बाहुल्यांनाही कित्येकदा चेहरा नसतो. दुसरे, टेकडीच्या माथ्यावर मोटारीचा वेग कमी ठेवावा, कारण पलीकडच्या उतारावर ताशी आठ-दहा मैलांनी चाललेली बग्गी असू शकते. मागे बहुधा नारिंगी त्रिकोण असतो, आणि २०२२ पासून राज्याने लुकलुकता पिवळा दिवाही सक्तीचा केला आहे, तरी काही कडव्या संघांना तो मान्य नाही.

रविवारी सगळा परगणा जवळजवळ बंद असतो. आम्ही शनिवारी गाफील राहिलो आणि रविवारी सकाळी नातीच्या दुधासाठी मुलाला मिलर्सबर्गपर्यंत मोटार दामटावी लागली. लहान मुले बरोबर असतील त्यांनी दूध, पाव आणि केळी शनिवारी सायंकाळी पाचच्या आत घेऊन ठेवावीत.