‘आता बसून खा’: म्हातारपण आणि घरकामाविषयीचे काही गैरसमज

मराठवाड्यात आईवडलांवरची माया दाखवायची एक ठरलेली रीत आहे. मुलगा कमावता झाला, सून घरात आली, की म्हातारीच्या हातातला खराटा आणि म्हाताऱ्याच्या हातातली कुदळ काढून घ्यायची. ‘लई केलं आयुष्यभर, आता बसून खा.’ बोलणाऱ्याच्या मनात खोट नसते. धाराशिव जिल्ह्यात आज सत्तरी ओलांडलेल्या माणसांनी १९७२चा दुष्काळ खडी फोडून काढला आहे. उमरगा-लोहाऱ्याकडच्यांनी तर १९९३च्या भूकंपानंतर संसार पुन्हा मांडला. अशा माणसांना विसावा द्यावासा वाटणारच. पण विसावा देणं वेगळं आणि बसवून ठेवणं वेगळं, आणि त्या गल्लतीची किंमत म्हाताऱ्या माणसाचे हातपाय मोजतात.

गैरसमज: साठीनंतर शरीराला आरामच हवा

तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ही झीज पूर्ण थांबत नाही, पण बसून राहिलं तर झपाट्याने वाढते. अमेरिकेत २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सरासरी ६७ वर्षं वयाच्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणावर झोपवून ठेवलं. तेवढ्यात त्यांच्या पायांतला सुमारे एक किलो स्नायू गेला. कुठलाही आजार नसताना! आपल्याकडे साध्या तापातून उठलेल्या आजीला महिना महिना खाटेवरून उतरू देत नाहीत आणि मग म्हणतात, ‘दुखण्यानं पायातली ताकदच गेली.’ दुखणं आठ दिवसांचं होतं. उरलेलं नुकसान खाटेनं केलं.

ब्राझीलमधले डॉक्टर क्लॉडिओ अराउजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५१ ते ८० वयाच्या २,००२ माणसांना एक साधी गोष्ट करायला लावली. जमिनीवर बसायचं आणि हाताचा, गुडघ्याचा शक्य तितका कमी आधार घेऊन उठायचं. पुढची काही वर्षं त्यांची नोंद ठेवली, तेव्हा ज्यांना हे फारसं जमत नव्हतं त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण सहज उठणाऱ्यांच्या पाचपटीहून अधिक निघालं. बसता-उठता न येण्याने माणूस मरत नाही. पण पायात ताकद, सांध्यांत लवचिकपणा आणि शरीराला तोल किती उरला आहे, हे त्यातून कळतं. धाराशिवच्या खेड्यांत ही परीक्षा रोज होते. काठवटीपुढे बसून शाळूची भाकरी थापणं, पाटावर जेवून उठणं, शेंगा फोडायला अंगणात बसणं, भाजी निवडून झाल्यावर सूप उचलून आत नेणं, अशी किती उठाबशी दिवसात होते! पीठ मळताना मनगट आणि हाताची पकड राबते, दोरीवर धुणं वाळत घालताना खांदे वर जातात. गुडघे खरोखर झिजलेल्या माणसाने मात्र हट्टाने जमिनीवर बसू नये. भाकरीचा ओटा उंच करून द्यावा, भाजी खुर्चीत बसून निवडू द्यावी. बैठक बदलली तरी काम सुटायला नको.

गैरसमज: घरकामाचा डोक्याशी काय संबंध?

सिंगापूरमध्ये २१ ते ९० वयाच्या ४८९ माणसांची पाहणी झाली, ती २०२१ साली प्रसिद्ध झाली. ६५ वर्षांपुढच्यांपैकी जे फरशी पुसणं, खिडक्या धुणं अशी कामं जास्त करत, त्यांचे एकाग्रतेचे गुण १४ टक्क्यांनी अधिक होते आणि ते खुर्चीतून लवकर उठत. स्वयंपाक, आवराआवर अशी हलकी कामं करणाऱ्यांची स्मरणशक्ती चांगली आढळली. तरुणांमध्ये हा फरक दिसला नाही. शिकागोत सरासरी ८२ वर्षांच्या ७१६ माणसांच्या मनगटाला हालचाल मोजणारं यंत्र बांधलं होतं. त्यात अगदी कमी हालचाल असणाऱ्यांना पुढे अल्झायमर होण्याचा धोका सर्वाधिक हालचाल असणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त दिसला.

यावरून ‘भांडी घासा, विसरभोळेपणा टळेल’ असं म्हणणं मात्र खोटं ठरेल. ज्याची तब्येत मुळात धड, तोच जास्त काम करतो, अशीही शक्यता आहे. तरी मला या निष्कर्षांत तथ्य वाटतं. चार माणसांचा स्वयंपाक करताना काय आधी, काय नंतर, मीठ घातलं की राहिलं, हे सगळं डोक्यात ठेवावं लागतं. विसरायला लागलेल्या माणसालाही म्हणून एकदम बाजूला करू नये. गॅसपाशी एकटं सोडू नका, पण धुतलेल्या कपड्यांच्या घड्या, डाळ निवडणं, वाकळीला टाके घालणं ही कामं त्याच्याजवळ राहू द्या. हाताची ती सवय बऱ्याचदा नावं विसरल्यावरही टिकलेली असते.

गैरसमज: बाई जन्मभर राबते, तिला वेगळा व्यायाम कशाला?

इथे मला जास्त थांबावंसं वाटतं, कारण वरचं सगळं वाचून कुणी म्हणेल, ‘मग म्हातारीला करू दे की काम.’

सगळं काम सारखं नसतं. पंधरा लिटरचा हंडा भरला की पंधरा किलोहून जड होतो. पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ होत जातात, आणि अशा पाठीवर रोजचं ओझं म्हणजे मणका दबण्याला आमंत्रण. टँकरमागे धावलेल्या गावांत ही ओझी कोण वाहतं, हे जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. चुलीच्या धुरात घालवलेली वर्षं फुप्फुसं कमकुवत करतात. तासन्‌तास उकिडवं बसून केलेल्या कामाने गुडघे झिजतात. असं काम कितीही केलं तरी तो व्यायाम होत नाही. जागतिक आरोग्य संघटना २०२०च्या शिफारशींत घरकामाला शारीरिक हालचालीत धरते. पण ज्येष्ठांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायामही करावेत, असंही सांगते. भिंतीला हात टेकवून टाचा उचलणं, खुर्चीतून दहा वेळा उठणं-बसणं, थोडं भरभर चालणं, एवढं राबत्या बाईलाही हवंच.

आणि ऊसतोडीच्या घरांचं काय? भूम, वाशी, कळंब या बालाघाटच्या पट्ट्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास जोडपी कारखान्याला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मागे आजी-आजोबा, शाळेत जाणारी नातवंडं आणि एखादी शेळी. ‘नातवंडांत म्हाताऱ्यांचं मन रमतं’ हे खरं आहे. पण पहाटेपासून पाणी, स्वयंपाक, पोरांची शाळा, जनावराचं वैरण-पाणी आणि रात्री कुणी तापलं तर दवाखाना, हे सत्तरीच्या एका बाईवर सहा महिने पडतं. थकवा आला तर थांबायची मुभा नसते, स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या तरी तालुक्याला जायला सवड नसते. जे काम आपल्या बेताने करता येतं आणि नको वाटलं तर सोडता येतं, तेच अंगी लागतं. यांच्या कष्टांना आरोग्याचं गोड नाव देणं अन्याय आहे.

गैरसमज: घरकाम पुरुषांचं नव्हे

२०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत देशातल्या ८१.२ टक्के स्त्रिया दिवसभरात घरकाम करताना आढळल्या, पुरुष २६.१ टक्के. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात वेळ जात होता सरासरी २९९ मिनिटं, अशा पुरुषांचा ९७. शेती मुलाच्या हाती गेली किंवा नोकरी संपली की म्हातारा पारावर किंवा टीव्हीपुढे बसतो. झाडलोट, अंथरुणं काढणं, परसातल्या भाज्यांना पाणी, स्वतःचं ताट धुणं याची सर्वांत जास्त गरज त्यालाच आहे. बायको आधी गेली तर चहासुद्धा करता न येणारा माणूस किती लवकर खचतो, ते गावोगाव दिसतं.

गैरसमज: पडेल, म्हणून उठूच देऊ नका

पडण्याची भीती खरी आहे. जगात दर वर्षी पडल्यामुळे ६ लाख ८४ हजार माणसं दगावतात, त्यांत साठीपुढची सर्वाधिक. पण भीतीने बसलेल्या माणसाचे पाय आणखी दुबळे होतात आणि पुढच्या वेळी पडण्याचा धोका वाढतो. हालचाल बंद करण्याऐवजी घर सुधारा. मोरीतलं शेवाळ खरवडा, मोरीजवळ धरायला दांडी बसवा, रात्री उंबऱ्यापाशी दिवा ठेवा, सारवलेली जमीन वाळेपर्यंत तिकडे जाऊ देऊ नका. माळ्यावरचे डबे खाली आणा. स्टुलावर चढणं म्हाताऱ्या माणसाचं काम नाही. आणि काम करताना छातीत दुखलं, चक्कर आली किंवा बोलता येईना इतका दम लागला, तर तिथेच थांबून डॉक्टरांना दाखवायचं.

म्हणून घरच्यांना एक विनंती. आईच्या हातातलं काम काढून घेण्याआधी तिला विचारा, कुठलं ठेवायचं आणि कुठलं सोडायचं. हंडा, चूल आणि ओझं तुम्ही घ्या, वडलांच्या हाती झाडू द्या. आणि कारखान्याला निघणार असाल तर सिलिंडर, गोळ्या आणि अडीअडचणीला हाकेवर येईल असा एक शेजारी, एवढं लावून मगच गाडीत बसा.