वार्ता आणि भावकी : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील महाराष्ट्र

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील मराठी वृत्तपत्रांचा विचार बहुधा राजकीय जागृती व समाजसुधारणा यांच्या संदर्भात केला जातो. परंतु लहान गावातील माणसाच्या दृष्टीने बातमी ही प्रथम नात्यातील बातमी होती : कोण वारले, कोणाची सोयरीक जमली, कोणाच्या पंक्तीस कोण बसले नाही. अशा वार्तांचा चुलत, मामे, आते व मावस भावंडांच्या संबंधांवर काय परिणाम झाला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

नात्यांची रचना

या चार प्रकारच्या भावंडांना मराठीत चार स्वतंत्र शब्द आहेत, आणि त्यामागे कर्तव्यांचा भेद आहे. चुलतभाऊ हा भाऊबंद. कुलदैवत, वतन आणि सुतक या तिन्हींत तो वाटेकरी. मामेभाऊ, आतेभाऊ व मावसभाऊ हे सामान्यतः कुळाबाहेरचे. वतनात त्यांचा वाटा नसल्याने कलहाचे कारणही कमी. ‘भाऊबंदकी’ हा शब्द घरातील वैराचा वाचक बनला. मामेभावांच्या वैरासाठी असा शब्द भाषेला घडवावा लागला नाही. उलट, मामाच्या मुलीशी विवाह अनेक जातींत रूढ असल्याने ते नाते पुढील पिढीतही जोडलेले राही.

वार्ता आणि सुतक

नात्याचा बातमीशी असलेला संबंध धर्मशास्त्रानेच मान्य केला होता. मनुस्मृतीनुसार दूरदेशी वारलेल्या सपिंडाची वार्ता दहा दिवसांच्या आत कळल्यास उरलेले दिवस सुतक. दहा दिवसांनंतर कळल्यास तीन रात्री. वर्ष लोटल्यावर कळल्यास केवळ स्नान. म्हणजे सुतकाचा काळ मृत्यूच्या दिवसाइतकाच वार्ता पोहोचण्याच्या दिवसावर अवलंबून होता.

१८५४ मध्ये अंतर कितीही असो, साध्या पत्रास अर्धा आणा हा समान दर लागू झाला. १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. लोहमार्ग १८५८ मध्ये पुण्यास, १८६० मध्ये सोलापुरास व १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला. पूर्वी वाटसरूच्या तोंडून महिन्याने कळणारी वार्ता आता काही दिवसांत येऊ लागली. चौथ्या दिवशी पत्र मिळाले, तर तीन रात्रींऐवजी सहा दिवसांचे सुतक पदरी येई. नव्या साधनांनी जुनी नाती सैल केली असा सर्वसाधारण समज आहे. येथे मात्र त्यांनी दूरच्या चुलत घराण्याविषयीचे कर्तव्य वाढविले. शिवाय पोस्टकार्ड उघडे असे आणि साक्षर माणसे थोडी असत. त्यामुळे घरची वार्ता पुष्कळदा घराआधी गावाला कळे.

छापील वार्ता आणि पंक्ती

पुण्याचे ‘ज्ञानप्रकाश’ (१८४९) आणि ठाण्याचे ‘अरुणोदय’ (१८६६) यांसारख्या पत्रांनी स्थानिक वार्तेला छापील रूप दिले. छापलेले नाव मात्र तोंडी कुजबुजीप्रमाणे नाकारता येत नसे. पंचहौद मिशन प्रकरण हे याचे ठळक उदाहरण होय. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यात मिशनच्या सभेस गेलेल्या मंडळींपुढे चहा ठेवण्यात आला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात प्रसिद्ध करविली आणि ग्रामण्य उभे राहिले. न्या. रानडे व टिळक यांचीही नावे त्यांत होती.

बहिष्काराचा खरा भार सभेस न गेलेल्या आप्तांवर पडला. बहिष्कृताच्या घरी जेवणाऱ्या भावासही आपल्या पंक्तीतून उठावे लागण्याची भीती असे. श्राद्धास ब्राह्मण मिळण्याची आणि मुलींचे विवाह जमण्याची चिंता साऱ्या भावकीस ग्रासे. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले ते मित्रांच्या अडचणी ध्यानात घेऊन, असे रमाबाई रानडे यांच्या आठवणींवरून दिसते. तत्त्वाचा प्रश्न अखेरीस नात्यांच्या पातळीवर सोडवावा लागला.

निष्कर्ष

या काळात टपालाने नात्याचा पल्ला वाढविला, तर छपाईने नात्याची जबाबदारी उघड केली. चुलतभावाचे सुखदुःख लवकर कळू लागले. त्याचबरोबर त्याच्या वर्तनाचा जाबही लवकर द्यावा लागू लागला. म्हणून स्थानिक वृत्ते ही वृत्तपत्रेतिहासाची केवळ किरकोळ सामग्री नसून कुटुंबसंस्थेच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन ठरतात.