विश्लेषण : एकाच जागेत दोन गाड्या... घरी कार लिफ्ट बसवण्याआधी काय तपासाल?

घरात दुसरी गाडी येते, पण पार्किंगची जागा तेवढीच राहते. मग एक गाडी आत आणि दुसरी कव्हर घालून रस्त्यावर. पावसाळ्यात तिच्यावर फांदी पडण्याची धास्ती, एरवी शेजाऱ्यांशी कुरबुर. अशा वेळी बंगला किंवा रो-हाऊसमध्ये कार लिफ्ट बसवण्याचा विचार पुढे येतो. एक गाडी वर उचलायची, दुसरी तिच्याखाली लावायची. ऐकायला सोपे वाटते. पण लिफ्टची किंमत विचारण्याआधी पायाखालची जमीन तपासणे गरजेचे आहे. ते का, समजून घेऊ.

कोणती लिफ्ट घरासाठी?

गॅरेजमध्ये दिसते ती दोन खांबांची लिफ्ट. तिचे हात गाडीला चॅसीखालून उचलतात आणि चाके मोकळी राहतात. ती दुरुस्तीसाठी सोयीची असते. चार खांबांच्या लिफ्टमध्ये गाडी चाकांवरच प्लॅटफॉर्मवर उभी राहते. रोजच्या पार्किंगसाठी ही अधिक योग्य, कारण भार चार ठिकाणी वाटला जातो. दोन खांबांच्या लिफ्टमध्ये मात्र सगळा ताण खांबांच्या बुडाशी असलेल्या अँकर बोल्टवर येतो. हात लांब करून भरलेली बादली धरली की खांद्यावर ताण येतो, तसाच हा प्रकार.

उंची किती लागते?

खाली ह्युंदाई क्रेटा आणि वर मारुती स्विफ्ट लावायची आहे, असे धरू. क्रेटाची उंची १,६३५ मिलिमीटर, स्विफ्टची १,५२०. त्यात प्लॅटफॉर्मची जाडी आणि वर-खाली थोडी मोकळी जागा धरली तर बेरीज साडेतीन मीटरच्या, म्हणजे साडेअकरा फुटांच्या आसपास जाते. स्टिल्ट पार्किंगची उंची अनेक ठिकाणी २.४ मीटरच असते. तिथे ही जोडी बसणारच नाही. माप स्लॅबपर्यंत घेऊ नका, बीमच्या खालच्या कडेपर्यंत घ्या. ट्यूबलाइट, पाइप आणि गाडीवरचे कॅरिअरही मोजा.

जमीन भार पेलेल का?

खरा प्रश्न हाच. अनेक घरांत पार्किंगखाली पाण्याची टाकी असते. इमारतींत तळघरही असते. म्हणजे गाडी जमिनीवर नाही, तर स्लॅबवर उभी असते.

आता गणित पाहा. इमारतींवरील भाराचे भारतीय मानक आयएस ८७५ (भाग २, १९८७) अडीच टनांपर्यंतच्या गाड्यांच्या पार्किंगसाठी प्रति चौरस मीटर २.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २५० किलो भार धरते. अडीच मीटर बाय पाच मीटरच्या जागेसाठी हा भार होतो सुमारे ३,१२५ किलो. दीड टनाच्या दोन गाड्या आणि लिफ्टचे वजन सुमारे ७०० किलो धरले, तर बेरीज ३,७०० किलोवर जाते. शिवाय वरची गाडी आणि लिफ्ट यांचे २,२०० किलो चार छोट्या पायपट्ट्यांवर येतात. म्हणजे एकेका खांबाखाली सरासरी साडेपाचशे किलो. इंजिनाच्या बाजूला त्याहून जास्त. इलेक्ट्रिक गाडी असेल तर बॅटरीचे वजन आणखी वाढते.

याचा अर्थ प्रत्येक स्लॅब कोसळेल असा नाही. पण खाली टाकी किंवा तळघर असेल, तर इमारतीचे आरसीसी नकाशे स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

खाली भरीव जमीन असेल तरी पेव्हर ब्लॉक, शहाबादी किंवा टाइल्सवर अँकर बोल्ट धरत नाही. लिफ्ट उत्पादक साधारण चार ते सहा इंच जाडीचे भक्कम काँक्रीट मागतात. ते नव्याने ओतले तर पूर्ण ताकद येण्यासाठी २८ दिवस थांबावे लागते. घाई इथेच नडते.

वीज किती, गेली तर काय?

घरगुती सिंगल फेजवर चालणाऱ्या लिफ्ट मिळतात. २.२ किलोवॉटची मोटर एक मिनिट चालली, तरी ०.०४ युनिटपेक्षा कमी वीज लागते. गाडी खाली येते ती स्वतःच्या वजनाने. मात्र वर गेल्यावर गाडी तेलाच्या दाबावर सोडायची नसते, ती लोखंडी लॉकवर टेकवायची असते. लॉक सोडवण्यासाठी अनेक लिफ्टमध्ये गाडी आधी थोडी उचलावी लागते. वीज गेलेली असेल तर हे कसे करायचे, ते विक्रेत्याला खरेदीआधीच करून दाखवायला सांगा. मोटर आणि स्विच पावसाचे पाणी साचते त्या पातळीच्या वर हवेत. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच.

परवानगी कोणाची?

स्वतःचा बंगला असला, तरी छत किंवा नवे बांधकाम करायचे तर पालिकेकडे विचारणा करा. सोसायटीत मात्र पार्किंग ‘माझे’ म्हणून चालत नाही. बिल्डर स्टिल्ट पार्किंग स्वतंत्रपणे विकू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद प्रकरणात स्पष्ट केले. त्यामुळे सोसायटीची लेखी मंजुरी आधी, खड्डे नंतर.

रोजच्या वापरात काय लक्षात ठेवायचे?

वरची गाडी काढायची तर खालची आधी बाहेर काढावी लागते. म्हणून रोज लागणारी गाडी खाली ठेवा. वरच्या गाडीचे तेल आणि पावसाचे पाणी खालच्या गाडीवर ठिबकते, त्यासाठी ट्रे लावून घ्या. बटण सोडताच थांबणारी आणि किल्लीशिवाय न चालणारी लिफ्टच निवडा. लिफ्ट हलवताना खाली मूल किंवा कुत्रे-मांजर नाही, हे प्रत्येक वेळी वाकून पाहा. फक्त पार्किंगसाठी बनवलेल्या लिफ्टखाली शिरून दुरुस्ती करू नका.

विक्रेता मोजमाप घ्यायला आला की बहुधा वर, छताकडे पाहतो. तुम्ही त्याला पहिला प्रश्न खालचा विचारा : या फरशीखाली काय आहे? त्याचे लेखी उत्तर इंजिनीअरकडून मिळेपर्यंत ॲडव्हान्स देऊ नका.