केराची जबानी

कोणत्याही गृहस्थाला, तुमच्या घरी अन्न किती वाया जाते, असे विचारावे, तर "आमच्याकडे काही टाकत नाहीत" हे उत्तर तत्काळ येते. आणि ते देताना त्याच्या मनात कपटाचा लवलेशही नसतो, हे हा प्रश्न घेऊन वर्षानुवर्षे अनेक घरांचे उंबरे झिजविल्यानंतर मला पुरते पटले आहे. माणूस काय खाल्ले ते स्मरतो. काय टाकले ते, झाकण पडताक्षणीच विसरतो. ही विस्मृती ओळखून, ज्यांनी घरमालकाची जबानी बाजूस ठेवली आणि थेट मुद्देमालच तपासावयास घेतला, ते ॲरिझोना विद्यापीठातील पुरातत्त्वज्ञ विल्यम रॅथजे माझ्या दृष्टीने या विषयाचे आद्य आचार्य होत.

रॅथजे हे मूळचे माया संस्कृतीचे अभ्यासक. खापऱ्यांवरून आणि हाडांवरून शेकडो वर्षांपूर्वीच्या माणसांचा संसार उभा करणारे शास्त्र आजच्या माणसाला का लावू नये, या विचाराने त्यांनी १९७३ साली टूसॉन शहरात घरगुती केराची पाहणी आरंभिली. सफाई खात्याचे लोक निवडलेल्या वस्त्यांतून पिशव्या वेगळ्या काढून आणीत. कोणाचेही नाव वा पत्ता दफ्तरी लागू द्यावयाचा नाही, हा कडक दंडक होता. आणि धनुर्वाताची लस टोचून घेतलेले विद्यार्थी हातमोजे चढवून एकेक पिशवी मेजावर रिती करीत व सुमारे दीडशे सदरांखाली प्रत्येक वस्तूची नोंद करीत. साली, हाडे, कॉफीचा चोथा असे जे खाण्याजोगे नव्हतेच ते एकीकडे, आणि अर्धवट उरलेला पाव, पानात टाकलेला घास असे जे एके काळी खाण्याजोगे होते ते दुसरीकडे. हा भेद मला सबंध संशोधनाचा कणा वाटतो. कारण तो न पाळला, तर उन्हाळ्यात कलिंगड खाणारे काटकसरी घर निव्वळ सालींच्या वजनामुळे उधळे ठरावयाचे.

निष्कर्ष विलक्षण होते. विकत आणलेल्या अन्नापैकी सुमारे १० ते १५ टक्के केरात जात होते, आणि घरोघर विचारल्यावर मात्र त्याचा मागमूस लागत नव्हता. दारू किती घेता, गोड किती खाता, या प्रश्नांच्या उत्तरांचीही रिकाम्या बाटल्यांशी आणि वेष्टनांशी अशीच फारकत होती. १९७३ साली अमेरिकेत गोमांसाची टंचाई होऊन भाव कडाडले. तेव्हा लोक ते जपून वापरतील असा कोणाचाही तर्क असणार. केराने उलट साक्ष दिली. टंचाईच्या काळात मांसाची नासाडी पुढील सुकाळाच्या तुलनेने सुमारे तिप्पट होती. मिळेल तेव्हा भरमसाट घेऊन ठेवावयाचे, नेहमीचे न मिळाल्यास अपरिचित तुकडे आणावयाचे, आणि ते टिकवावे वा शिजवावे कसे हे ठाऊक नसावयाचे, असा रॅथजे यांनी त्याचा उलगडा केला.

याच सामग्रीतून त्यांनी जो नियम काढला, त्यापाशी आलो की मला पुढे जाववत नाही. आहारात नित्याचेच पदार्थ जितके अधिक, तितकी नासाडी कमी! रोजचा पाव थोडाच वाया जाई. प्रसंगपरत्वे आणलेले निराळ्या घाटाचे पाव मोठ्या प्रमाणात फेकले जात. मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांत नासाडी कमी आढळली, कारण मक्याची भाकरी, घेवड्याच्या बिया, टोमॅटो आणि मिरची यांचाच मेळ तेथे नानाविध रीतींनी घातला जाई, आणि सकाळचे उरलेले संध्याकाळच्या पदार्थात सहज सामावे. मराठी स्वयंपाकघराचे याहून यथार्थ वर्णन दुसरे कोणते करावे? फोडणीची पोळी, फोडणीचा भात, उरलेल्या वरणात भिजविलेली कणीक, आंबट ताकाची कढी: येथे उरलेल्या प्रत्येक जिनसाला दुसरा जन्म ठरलेला आहे.

हा नियम पडताळण्यासाठी आम्ही घरी तीन महिने दोन हिशेब ठेवले. रात्री आठवून लिहावयाची एक वही, आणि काट्यावर तोलावयाचा एक डबा. पोळीचा तुकडादेखील डब्यात पडला नाही. वहीत जिचा उल्लेखही नव्हता अशी कोथिंबिरीची जुडी मात्र फ्रिजच्या तळच्या खणातून निघाली, दोरा तसाच बांधलेला, पाने काळी पडून बोटांना चिकटणारी. आणि तिच्याखाली पाहुण्यांसाठी हौसेने आणलेल्या ब्रोकोलीचा पिवळा पडलेला गड्डा.

जागतिक आकडेवारी थोडक्यात नमूद करतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ सालच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, त्यातील ६० टक्के घराघरांतून, म्हणजे दरडोई वर्षाला ७९ किलो. भारताचा घरगुती अंदाज ५५ किलो. २०३० पर्यंत दरडोई नासाडी निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठरलेले आहे. ब्रिटनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत खरेदीचा तिसरा हिस्सा वाया जात असल्याचे दिसून आले होते.

हल्ली मी प्रश्नच बदलला आहे. किती टाकता, असे न विचारता, गेल्या पंधरवड्यात नेहमीपेक्षा निराळे काय आणलेत, असे विचारतो. मागच्या महिन्यात सांगलीतील एका घरी हे विचारताच त्या बाई काही न बोलता उठल्या, फ्रिजचा खालचा खण त्यांनी पुढे ओढला, आणि देठाशी मऊ पडलेली एक पिवळी ढोबळी मिरची आणून माझ्यासमोर ओट्यावर ठेवली.