ज्याचं दुखणं, त्याचं बोलणं

‘मॅडम, तुम्हीच सांगा, मी काय करू?’ समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. लग्न टिकवायचं की मोडायचं, नोकरी सोडायची का, अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचं कोणी करायचं... हकिगती निराळ्या, पण येऊन थांबतात याच वाक्यावर. सल्ला त्यांना मिळालेला नसतो असं नाही. मोठ्या दिरांनी दिलेला असतो, ऑफिसातल्या साहेबांनी दिलेला असतो, हल्ली फोनवरच्या व्हिडिओंनीही दिलेला असतो. सल्ले ऐकून बेजार झालेला माणूस माझ्याकडे येतो आणि माझ्याकडेही सल्लाच मागतो.

सांगलीत मी समुपदेशक म्हणून काम करते. ज्या पद्धतीने करते तिला व्यक्तिकेंद्री समुपदेशन म्हणतात. तिच्याबद्दल दोन गैरसमज मला वारंवार भेटतात. एक, हे नुसतं गोड बोलणं आहे. दुसरा, समुपदेशक गप्प बसून मान डोलावतो आणि फी घेतो. प्रत्यक्षात ही फार काटेकोर शिस्त आहे, आणि तिचा उगम एका माणसाच्या चिकाटीत आहे.

तो माणूस म्हणजे कार्ल रॉजर्स. 1902 साली शिकागोजवळच्या ओक पार्कमध्ये, कडक धार्मिक शिस्तीच्या घरात त्यांचा जन्म झाला. पुढे कुटुंब शेतावर राहायला गेलं. रॉजर्स आधी शेतीशास्त्र शिकले, मग धर्मोपदेशक होण्यासाठी न्यूयॉर्कला गेले आणि तिथून मानसशास्त्राकडे वळले. 1928 पासून बारा वर्षं त्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात काम केलं. मुलांवरचे अत्याचार रोखणाऱ्या संस्थेकडे पाठवलेली, घरच्यांनी हात टेकलेली मुलं त्यांच्यासमोर यायची.

तिथला एक अनुभव त्यांनी नंतर लिहून ठेवला. एका दांडगट मुलाची आई त्यांच्याकडे येत असे. मुलाच्या वागण्याचं मूळ आईने त्याला लहानपणी झिडकारण्यात आहे, असं रॉजर्स यांचं निदान होतं, आणि ते तिला पटवून देण्याचा त्यांनी परोपरीने प्रयत्न केला. काही उपयोग होईना. शेवटी त्यांनी तिला सरळ सांगितलं की आपलं काही जमत नाहीये, इथेच थांबू. तिलाही ते पटलं. निरोप घेऊन ती दारापर्यंत गेली, मागे वळली आणि इथे मोठ्या माणसांसाठी समुपदेशन करता का, असं तिने विचारलं. हो म्हटल्यावर ती परत येऊन बसली आणि आपल्या संसाराबद्दल बोलू लागली: नवऱ्याशी तुटत चाललेलं नातं, अपयश, गोंधळ. आधीच्या भेटींत मांडलेल्या नीटनेटक्या माहितीत यातलं काहीच आलं नव्हतं. खरं काम त्या दिवशी सुरू झालं आणि मुलाचं वागणंही पुढे सुधारलं. रॉजर्स यांनी त्यातून घेतलेला धडा आजही आमच्या कामाचा पाया आहे: नेमकं काय दुखतंय, कोणत्या वाटेने जायचं, कोणते अनुभव खोल पुरले गेलेत, हे समोरच्या माणसालाच ठाऊक असतं.

अशा आया माझ्याकडेही येतात. मुलाला दंडाला धरून आणतात आणि म्हणतात, ‘याला जरा समजावून सांगा.’ मी आधी एकच ठरवून घेते, ही वेळ कोणाची? मुलाची असेल तर आईने बाहेर बसायचं. आईला स्वतःसाठी बोलायचं असेल तर तिची वेगळी वेळ. दुसऱ्याच्या वतीने कोणाला दुरुस्त करून देणं माझ्या कामात बसत नाही.

रॉजर्स यांनी 1957 साली एक लेख लिहिला. माणसात बदल घडायचा तर कोणत्या गोष्टी आवश्यक आणि पुरेशा असतात, याच्या सहा अटी त्यात मांडल्या. दोन माणसांमध्ये खरा संपर्क हवा. त्यातला एक जण आतून विस्कटलेला असतो. दुसरा, म्हणजे समुपदेशक, त्या नात्यात सच्चा असतो, समोरच्याचा विनाअट स्वीकार करतो आणि त्याचं जग त्याच्या बाजूने समजून घेतो. सहावी अट सहज नजरेतून सुटते: हा स्वीकार आणि ही समज समोरच्यापर्यंत थोडी तरी पोचली पाहिजे. मला कितीही कळलं असलं, तरी ते त्याला जाणवलं नाही तर उपयोग शून्य.

प्रत्यक्ष खोलीत याचं काय होतं ते सांगते. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदलले आहेत. तासगावकडचा एक मुलगा. पुण्यात अभ्यासिकेत राहून एमपीएससीची तयारी केली, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेला, पुढे नाही. वडिलांनी द्राक्षबागेवर कर्ज काढून पैसे पुरवलेले. आता तो गावी परतलाय.

तो म्हणाला, ‘मी जेवायला बसलो की बाबा ताटावरून उठतात.’

मी म्हटलं, ‘तुझ्यासोबत बसणंही त्यांना नको झालंय, असं वाटतं तुला.’

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘नाही मॅडम. राग नाही त्यांना. माझ्याकडे बघून त्यांना भरून येतं. आणि मला ते बघवत नाही.’

‘रागावले असते तर सोसलं असतं. हे दुःख सोसवत नाही.’

‘हां. हेच.’

हे ‘हेच’ ऐकण्यासाठी सगळा खटाटोप असतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, मी त्याचंच वाक्य त्याला परत दिलं. पण माझं प्रत्येक वाक्य हा एक अंदाज असतो, आणि तो खोडण्याचा पूर्ण अधिकार त्याच्याकडे असतो. माझा पहिला अंदाज त्याने खोडला म्हणून तर त्याला स्वतःची खरी वेदना नेमकी सापडली. भावनांचं प्रतिबिंब दाखवणं हे आपल्या कामाचं प्रचलित वर्णन रॉजर्स यांनाही शेवटी शेवटी खटकू लागलं होतं. 1986 साली त्यांनी लिहिलं की आपण प्रत्यक्षात आपली समज तपासून घेत असतो. त्यालाच समानुभूती म्हणतात, आणि ती सरावाने शिकता येते.

या मुलाच्या निमित्ताने रॉजर्स यांचा आणखी एक विचार समजतो. लहान मुलाला प्रेम हवंच असतं, आणि ते बहुतेक वेळा अटी घालून मिळतं. शहाण्यासारखं वागलास तर, नंबर आला तर, रडला नाहीस तर. हळूहळू मूल त्या अटी स्वतःच्याच मानू लागतं. मग अंगावर येणारे अनुभव एक सांगतात आणि ‘मी असा आहे’ हे मनातलं चित्र दुसरंच सांगतं. ही तफावत वाढली की माणूस धास्तावतो, चिडतो, झोप हरवून बसतो. तासगावकडच्या त्या मुलाने काही भेटींनंतर स्वतःहून विचारलं, ‘मला अधिकारी व्हायचंच होतं का, की गावाने तसं म्हटलं म्हणून मी तसा झालो?’ परीक्षा सोडायची की नाही हे पुढे त्याने स्वतः ठरवलं आणि वडिलांना स्वतः सांगितलं. काय ठरवलं ते मी लिहीत नाही, कारण दोन्हींपैकी कोणताही निर्णय समुपदेशनाचं यश म्हणून मिरवायचा नसतो.

माणूस योग्य वाट काढेल, हा भरवसा कशाच्या जोरावर? रॉजर्स यांना लहानपणी पाहिलेलं एक दृश्य आठवायचं. हिवाळ्यासाठी तळघरात साठवलेल्या बटाट्यांना कोंब फुटायचे. जमिनीतल्या हिरव्या कोंबांसारखे नव्हेत, पांढुरके, लांबट, वाकडेतिकडे, पण सगळे दूरच्या लहानशा खिडकीतून येणाऱ्या उजेडाकडे वळलेले. विचित्र वाटणाऱ्या वागण्यातही जगण्याची हीच धडपड असते, असं ते मानत. समोरच्याचं वागणं मला कळेनासं होतं तेव्हा मी स्वतःला हेच विचारते: हा माणूस कोणत्या उजेडाकडे जाऊ पाहतोय?

विनाअट स्वीकाराची कसोटी मात्र कठीण माणसांपाशी लागते. बायकोवर हात उचलणारा नवरा समोर बसून सांगत असतो, ‘तिने उलट बोलायला नको होतं.’ त्याचं मारणं मी स्वीकारत नाही, आणि माझा चेहरा निर्विकार ठेवण्याचं नाटकही करत नाही. मी सांगते, ‘तुम्ही हे बोलताय आणि मला तिची काळजी वाटतेय. तरी हात उचलला त्या क्षणी तुमच्या आत काय झालं, ते मला समजून घ्यायचंय.’ यातलं पहिलं वाक्य सच्चेपणाचं, दुसरं स्वीकाराचं. एकही गाळलं तर चालत नाही. शरमेने कोंडलेला माणूस स्वतःकडे बघूच शकत नाही, आणि स्वतःकडे बघितल्याशिवाय बदलत नाही.

ही शिस्त आली कुठून? ध्वनिमुद्रणातून. तोवर मानसोपचाराच्या खोलीत काय घडलं हे उपचार करणाऱ्याच्या आठवणीवरून आणि टिपणांवरूनच जगाला कळायचं. 1940 साली ओहायो राज्य विद्यापीठात गेल्यावर रॉजर्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भेटी तबकड्यांवर मुद्रित करायला सुरुवात केली. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावायची, त्यामुळे दोन यंत्रं आलटून पालटून चालवावी लागत. 1942 च्या त्यांच्या पुस्तकात हर्बर्ट ब्रायन हे टोपणनाव दिलेल्या माणसाच्या आठही भेटी शब्दशः छापल्या आहेत. एखादा संपूर्ण उपचार असा छापून वाचकांपुढे ठेवण्याची ती पहिलीच वेळ. स्वतःचं मुद्रण ऐकताना समुपदेशकांच्या लक्षात आलं, की आपण वाटतं त्याहून कितीतरी अधिक ढकलतो, सुचवतो, वळवतो. संमती घेऊन मुद्रण करणं आणि अनुभवी मार्गदर्शकासोबत ते ऐकणं हा आजही प्रशिक्षणाचा मोठा भाग आहे.

न ढकलण्याची ही गोष्ट वाचताना मराठी वाचकाला याउलट थेट बोलणारे मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस आठवतील. किशोर फडके यांच्यामुळे एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धती महाराष्ट्रात रुजली. रॉजर्स त्या मानाने आपल्याकडे कमी पोचले. या दोघांना आणि फ्रिट्झ पर्ल्स या तिसऱ्या मानसोपचारतज्ज्ञाला एकाच स्त्रीशी बोलताना दाखवणारा चित्रपट 1965 साली आला. ग्लोरिया ही घटस्फोटित आई. नऊ वर्षांच्या मुलीने विचारलेल्या एका नाजूक प्रश्नाला ती खोटं उत्तर देऊन बसली आहे आणि ते तिला टोचतंय. खरं सांगितलं तर मुलीला त्रास होईल का, याचं उत्तर ती रॉजर्स यांच्याकडे पुन्हा पुन्हा मागते. रॉजर्स टाळत नाहीत. तिचं उत्तर तिला सापडावं यासाठी मदत करायला आवडेल, असं सांगतात आणि तिच्या घालमेलीजवळ बसून राहतात. एलिस त्याच स्त्रीच्या विचारांतल्या घोटाळ्यांवर थेट बोट ठेवतात. रॉजर्स यांच्या सहा अटी अनिवार्य आहेत हे एलिस यांना कधीच मान्य नव्हतं. हा वाद अजून मिटलेला नाही.

पुरावा काय म्हणतो? इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत मध्यम ते तीव्र नैराश्याच्या 510 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. विचारांवर काम करणारी बोधात्मक वर्तनोपचार पद्धत आणि व्यक्तिकेंद्री पद्धत यांची त्यात तुलना होती. सहा महिन्यांनंतर व्यक्तिकेंद्री पद्धत कमी पडली नव्हती. बारा महिन्यांनंतर मात्र बोधात्मक पद्धत पुढे होती. स्वतः रॉजर्स यांनीही विस्कॉन्सिनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसोबत मोठा प्रयोग केला, त्याला आशा होती तेवढं यश आलं नाही. म्हणून भ्रम-भास असणाऱ्या किंवा औषधांची गरज दिसणाऱ्या माणसाला मी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवते आणि सोबत बोलत राहते.

गुप्ततेलाही मर्यादा असते, आणि ती पहिल्याच भेटीत सांगायची असते. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्यानुसार कळवणं बंधनकारक आहे. जीव धोक्यात असेल तर घरच्यांना सामील करावं लागतं. मारहाण सोसणाऱ्या बाईला कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा 2005 चा कायदा आणि संरक्षण अधिकारी यांची माहिती मी लगेच देते. माहिती रोखून धरणं म्हणजे व्यक्तिकेंद्री असणं नव्हे. माहिती माझी, निर्णय तिचा, एवढी रेघ मी पाळते.

‘आपल्याकडच्या लोकांना सल्लाच हवा असतो, हे परदेशी खूळ इथे चालणार नाही,’ असं मला सांगतात. माझा अनुभव निराळा आहे. सल्ला मागणाऱ्याला मी म्हणते, ‘ठरवताना एकटं पडल्यासारखं वाटतंय, म्हणून कोणीतरी सांगावं असं वाटतंय.’ बहुतेकांचे डोळे तिथेच भरतात. ज्या घरांत प्रत्येकाच्या वतीने दुसराच कोणी बोलतो, त्या घरांतल्या माणसाला स्वतःच्या मताची विचारणा होणं किती लागतं, हे मी रोज बघते. विशेषतः सुनांना, आणि वय झालेल्या सासवांनाही.

तुम्ही स्वतःसाठी समुपदेशक शोधत असाल तर त्याचं शिक्षण आणि प्रशिक्षण विचारा, तो कोणाच्या मार्गदर्शनाखाली काम करतो ते विचारा. रात्री-अपरात्री अगदीच असह्य झालं तर 14416 ही टेलिमानसची मोफत हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं. आणि पहिल्या दोन-तीन भेटींनंतर स्वतःला विचारा: मी त्याचं म्हणणं खोडू शकले का? त्याने चुकीचं समजून घेतलं तेव्हा ‘नाही, तसं नाही’ म्हणायला मला भीती वाटली का? ते म्हणता आलं आणि त्याने ते मनापासून ऐकून घेतलं, तर तुम्ही योग्य ठिकाणी आहात. नसेल, तर दुसरा समुपदेशक शोधण्यात कमीपणा नाही. तो निर्णयही तुमचाच आहे.