मातीचे किल्ले : सातारा-सांगलीकडील एक उपेक्षित साधन

इतिहासाच्या साधनांत कागद, ताम्रपट, शिलालेख व नाणीं यांची गणना होते. मातीच्या किल्ल्याची होत नाहीं. दिवाळीच्या सुमारास सातारा व सांगली जिल्ह्यांतील अंगणांतून मुलें जे किल्ले करितात, ते खेळ म्हणून पाहिले जातात आणि तुळशीचें लग्न लागल्यावर मोडले जातात. आमच्या मतें हा किल्ला म्हणजे लहान प्रमाणावर केलेली भूरचनेची प्रतिकृति होय. आणि ती जाणतेपणानें केली, तर जुन्या ग्रंथांतील एखादें दुर्बोध वाक्य उलगडण्यास तिचा उपयोग होतो. तो कसा, हें साताऱ्याच्या वेढ्याचें उदाहरण घेऊन येथें दाखवावयाचें आहे. ही चाल किती जुनी, हा प्रश्न निराळा. अनुमानानें तो सोडवूं नये, म्हणून तो येथें घेतलेला नाहीं.

प्रथम कृति सांगतों. अंगणाच्या कोपऱ्यांत दगड व विटांचे तुकडे रचून डोंगराचा सांगाडा उभा करितात. त्यावर चिखलांत बुडविलेलें गोणपाट पसरतात, म्हणजे वरची माती ओघळत नाहीं. नंतर चाळलेली माती, शेण व भुसा एकत्र कालवून लेप देतात. उतारावर हळीव किंवा मोहरी पेरून पाण्याचा शिपका देत गेलें, कीं चार-पांच दिवसांत हिरवळ दिसूं लागते. तट व बुरूज हातानें वळून गेरूनें अगर चुन्यानें रंगवितात. माथ्यावर शिवछत्रपतींची मूर्ति, पायऱ्यांवर मावळे, पायथ्याशीं गवळणी व शेतकरी, आणि गुहेंत वाघ, अशी मांडणी बहुधा ठरलेली असते. सांगलीकडील कृष्णाकांठची काळी माती वाळतांना आकसते व तिला भेगा पडतात; म्हणून तींत वाळू व भुसा अधिक घालून दोन वेळां पातळ लेप द्यावा लागतो. साताऱ्याच्या उतारावरील मुरमाड मातीस हा दोष कमी.

अशा किल्ल्यांत मुख्य उणीव आढळते ती डोंगराच्या आकाराची. मुलें डोंगर निमुळत्या सुळक्यासारखा करितात. परंतु आमच्या प्रांतांतील डोंगर लाव्ह्याचे थर एकावर एक साठून झालेले आहेत. कठीण थर झिजत नाहीं, तेथें उभा कडा राहतो. मऊ थर झिजतो, तेथें उतार होतो. यामुळें सपाट माथा, त्याखालीं कडा, त्याखालीं उतार, आणि पुन्हां कडा, अशी पायरीपायरीची रचना दिसते. अजिंक्यतारा, सज्जनगड, वैराटगड व चंदन-वंदन यांकडे दुरून पाहिलें तरी हें ध्यानांत येतें. किल्ला बांधणारांनीं या कड्याचाच उपयोग केला. कडा हा तटाचा खालचा भाग समजून त्याच्या कांठावर चिरेबंदी काम चढविलें. म्हणून प्रतिकृतींत कड्याच्या जागीं विटा उभ्या ठेवाव्या आणि त्यांवर माती थापून त्या गोल करूं नयेत. एवढी एक गोष्ट पाळली, तरी किल्ल्याचें रूप पालटतें.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. अजिंक्यताऱ्याचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारें ३,३०० फूट असून शहरापासून त्याची उंची सुमारें ९०० फूट भरते. दोनशांस एक हें प्रमाण धरिलें, तर डोंगर साडेचार फूट उंच करावा लागेल. आणि बाजारांतून आणिलेला दोन इंचांचा मावळा त्या प्रमाणानें तेहतीस फुटांचा पुरुष ठरेल! अंगणांत असा डोंगर कोणी करणार नाहीं. याकरितां संपूर्ण किल्ला एकाच प्रमाणांत बसविण्याचा हट्ट सोडून जो प्रश्न समजून घ्यावयाचा असेल तेवढाच भाग घ्यावा, आणि प्रमाण त्या प्रश्नास योग्य तें ठरवावें.

आतां उदाहरण घेऊं. औरंगजेबानें साताऱ्यास डिसेंबर १६९९ मध्यें वेढा घातला. किल्ला एप्रिल १७०० मध्यें त्याच्या हातीं आला. किल्ला लढविणारे प्रयागजी प्रभु होते. या वेढ्याची हकीकत ग्रँट डफ यानें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत दिली आहे. डफ १८१८ ते १८२२ पर्यंत साताऱ्यास अधिकारावर होता, यामुळें जागा त्याच्या पाहण्यांतली होती. तो सांगतो कीं, बादशहाचे डेरे उत्तरेस, हल्लीं करंजें गांव आहे तेथें पडले. पश्चिमेस, पुढें शहापूर नांव पावलेल्या गांवीं, आझमशहा होता. दक्षिणेस शिरजेखान व पूर्वेस तर्बियतखान होता. मुख्य हल्ला ईशान्येच्या कोपऱ्यावर झाला. तेथील एकंदर उंची ६७ फूट. पैकीं ४२ फूट कातळ व त्यावर २५ फूट बांधकाम. तर्बियतखानानें तेथें सुरुंग खणविले. पहिला सुरुंग उडाला तेव्हां बांधकामाचा मोठा भाग आंत कोसळला व गडावरील लोक मेले. प्रयागजी ढिगाऱ्याखालीं सांपडले, पण जिवंत निघाले. हल्ला करणारे पुढें धांवले, तोंच दुसरा मोठा सुरुंग बाहेरच्या बाजूस फुटला आणि मोंगलांचीं दोन हजारांहून अधिक माणसें ठार झालीं.

केवळ वाचणारास येथें अडखळावें लागतें. एकाच कोपऱ्याखालीं उडालेल्या दोन सुरुंगांचा परिणाम परस्परविरुद्ध कां झाला, आणि सुरुंग ज्यांनीं खणिले त्यांचीच एवढी हानि कशी झाली? दोनशांस एक या प्रमाणानें हा कोपरा केला, तर त्याची उंची अवघी चार इंच होते : अडीच इंच कातळ व दीड इंच तट. कातळाच्या जागीं एकसंध दगड ठेवावा, तटाच्या जागीं लहान खडे रचावे, आणि खालीं चढणीचा उतार करावा. मग प्रथम हें दिसतें कीं, सुरुंगाचें काम तटाखालच्या कातळांत करावें लागलें असलें पाहिजे; तट तर त्याच्याहि वर. कातळ नुसता तडकला, तर त्यावरचें बांधकाम माथ्याकडे, म्हणजे आंत कलंडूं शकतें. कातळच बाहेर फुटला, तर तो व त्यावरील तट दोन्ही उतारावर येतात. हल्ल्याची तुकडी डोंगराच्या कड्याखालीं जमून राहिली होती असें डफ म्हणतो. त्या जागीं दहा-वीस धान्याचे दाणे ठेवून वरचे खडे सोडून पाहावे. ते कोणत्या वाटेनें येतात तें दिसेल. उभ्या चढणीवर बाजूस सरण्यास जागा नसते. डफची वाक्यें परस्परविरुद्ध वाटत होतीं, तीं येथें एकमेकांस जुळतात.

रसदेचा प्रश्न मात्र या प्रतिकृतीनें सुटणार नाहीं. परशुराम त्रिंबक परळीच्या किल्ल्यावर, म्हणजे सज्जनगडावर राहून आझमशहाच्या काणाडोळ्यामुळें साताऱ्यास दाणागोटा पोंचवीत होते, असें डफ लिहितो. परळी नैर्ऋत्येस सुमारें सहा मैल आहे. यासाठीं दहा हजारांस एक हें प्रमाण घ्यावें. तें अंतर सुमारें तीन फूट होईल व अजिंक्यतारा एका इंचाचा राहील. उंची दुप्पट दाखविली तरी चालेल, मात्र तसें लिहून ठेवावें. असा पट मांडला म्हणजे परळीकडून येणारी रसद पश्चिमेच्या छावणीच्या नजरेंतून सुटणें किती कठीण होतें, आणि काणाडोळ्याच्या आरोपास किती वजन आहे, हें समजूं लागतें.

ही रीत परक्या देशांत जुनी आहे. फ्रान्सांत चौदाव्या लुईच्या काळीं, १६६८ पासून, तटबंदीच्या शहरांच्या सहाशांस एक या प्रमाणाच्या प्रतिकृति करविण्यांत आल्या व त्यांतील पुष्कळ अद्याप जपलेल्या आहेत. प्रशियांत राइसविट्झ यानें १८१२ सालीं राजाकरितां प्लॅस्टरच्या तुकड्यांनीं भूरचना मांडण्याचें मेज केलें. त्याच्या मुलानें १८२४ सालीं तोच युद्धखेळ आठ हजारांस एक या प्रमाणाच्या नकाशावर आणिला. एच. जी. वेल्स यानें १९१३ सालीं घरगुती ठोकळे व डहाळ्या यांवर असाच खेळ रचून त्याचें पुस्तक केलें. तेथें शिपाई नियमानें हलतात. आमचे मावळे उभे राहतात. परंतु डोंगर रचण्याचें कौशल्य आमच्या मुलांजवळ आहेच.

सांगली व मिरज येथील किल्ले भुईकोट. तेथें कडा नाहीं. तटाची उंची, खंदकाची रुंदी व सभोंवारचें मोकळें मैदान हींच तेथें भूरचना होय. शाहूमहाराजांनीं १७३९ मध्यें मिरज घेतली. त्या वेढ्याचे कागद वाचणारानें डोंगर रचीत न बसतां आधीं अंगणांत खंदक खणून पाहावा.

एक इशारा अवश्य आहे. प्रतिकृति हा पुरावा नव्हे. ती पुराव्याची परीक्षा करते. कागदांत नसलेलें कांहीं तींतून काढूं नये.

शेवटीं संग्राहकांस विनंती. २०२५ सालीं युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशांत स्थान दिलें. त्यांत सातारा जिल्ह्यांतील एकटा प्रतापगड आहे. वसंतगड, दातेगड, मच्छिंद्रगड, भूपाळगड इत्यादिकांची काळजी स्थानिकांनींच वाहिली पाहिजे. या गडांच्या पायथ्याच्या गांवीं मुलें किल्ला करितात तेव्हां घरांतील वृद्ध त्यांस चोरवाटा, टाकीं व बुरुजांचीं नांवें सांगतात, आणि यांतील पुष्कळशीं नांवें कोठेंहि लिहिलेलीं नसतात. आतां प्लॅस्टरचा तयार किल्ला विकत मिळूं लागल्यानें हें सांगणें-विचारणेंच थांबण्याचा संभव आहे. तरी ज्यांस शक्य असेल त्यांनीं किल्ला मोडण्यापूर्वीं त्याचें छायाचित्र घ्यावें. दिशा, प्रमाण, वर्ष व सांगितलेलीं नांवें टिपावीं. आणि तो कागद आपल्या रुमालांत इतर कागदांप्रमाणेंच बांधून ठेवावा. माती पुढच्या वर्षीं पुन्हां मिळेल. सांगणारा मिळेलच असें नाहीं.